जॅकवेलचा कोरडा तळ

"पण मग पाणी गेलं कुठं?" वायकोळे सरांनी विचारलं.

निशिकांत हसला. हाच प्रश्न ऐकण्यासाठी तर त्यानं आपल्या सरांना सावद्याहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

तापीच्या काठाला लागून, गावांच्या नळयोजनेसाठी, तो ही जॅकवेल खणत होता. सहामजली इमारत आत उभी मावेल एवढी खोल गोल विहीर. नदी हाकेच्या अंतरावर आणि तळ मात्र कोरडा ठणठणीत. गुरुशिष्य नुकतेच क्रेनच्या पाळण्यातून तिथं उतरले होते.

"झिरपतं तेवढं पंप खेचतात, सर. भिंतीतून टिपूस येत नाही. उद्या तळाचं काँक्रीट."

त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. चढणारच! माती आणि पाणी ज्यांनी शिकवलं, त्यांनाच तो आपलं काम दाखवत होता.

"पायाखाली काय आहे?"

"घट्ट चिकणमाती."

"तिच्याखाली?"

"वाळू."

"आणि वाळूत?"

"…पाणी. नदीचंच. पण वर मातीचं वजन आहे ना! दबून राहतं ते. हिशेब केलाय सर, दोनदा."

सरांनी चपला काढल्या आणि ते अनवाणी उभे राहिले. टाच दाबली. माती किंचित लवली.

मग ते सळ्यांच्या जाळ्यापाशी जाऊन वाकले. तिथं वाटीएवढ्या जागेत पाणी बुडबुडत होतं. भोवती बारीक करड्या वाळूचं कडं साचलं होतं.

"हे कधीपासून?"

"आज सकायपासून, सर," सळ्या बांधणाऱ्या माणसांचा मुकादम सुपडू म्हणाला. "कालपावेतो नव्हतं."

सरांनी निशिकांतकडे पाहिलं.

"नदीची पातळी कधी मोजलीस?"

"महाशिवरात्रीला. महिना झाला."

"मी आत्ता पुलावरून आलो. घाटाच्या पायऱ्या दिसल्या नाहीत. वरच्या धरणातून पाणी सोडलंय. तिकडे नदी चढतेय, इकडे तू माती काढतोयस. खालचा रेटा वाढला आणि वरचं झाकण पातळ झालं."

निशिकांत पडला हुशार विद्यार्थी!

"आणखी पंप लावतो."

"आतलं उपसून खालचा रेटा कसा कमी होईल?"

"मग काय करू?"

"विहीर भर."

"…काय?"

"नदीचं पाणी आत सोड. भरपूर. तेच आता तळाला दाबून धरेल. पुढचं काँक्रीट पाण्याखाली टाक. शिकवलंय मी."

"सर, ही कोरडी ठेवायला मी जिवाचं रान केलंय! आणि आता माझ्याच हातानं बुडवू? एका बुडबुड्यासाठी?" त्याचा आवाज चढला. "हिशेबात वाव ठेवलाय मी. काँक्रीट उद्याच होईल."

"बरं," सर म्हणाले.

त्यांनी सुपडूला हाक मारली. "माणसांना वर घेऊन जा. चहा घ्या सगळे."

माणसं वर गेली. पाळणा रिकामा खाली आला. निशिकांतनं सरांसाठी त्याचं दार धरलं.

सर त्या बुडबुड्यापाशी मांडी घालून बसले.

"सर?"

"तू जा. मी बसतो."

"इथं?"

"उद्या तुझी माणसं कामाला उतरतील ना, तोवर."

"सर, काहीतरीच काय… चला वर."

"का? हिशेब बरोबर आहे ना?"

निशिकांतनं पाळण्याकडे पाहिलं.

"मग जा."

निशिकांतनं एक पाय पाळण्यात ठेवला. दुसरा काही उचलेना. बुडबुड आता स्पष्ट ऐकू येत होती. सरांचं धोतर मागून ओलं झालं होतं. या माणसावर त्याचा फार जीव होता. आणि ज्या जागी यांना एक रात्र सोडवत नाही, तिथं उद्या आपण सुपडूला उतरवणार होतो…

त्यानं मान वर करून जोरात हाक दिली.

"सुपडू! आम्ही वर आलो की पंप बंद कर! नदीचं पाणी आत सोड!"

मग त्यानं सरांना हात दिला. सर गुडघ्यावर हात टेकत उठले.

संध्याकाळपर्यंत गढूळ पाणी विहिरीत पार वरपर्यंत चढलं. तळातून एकही बुडबुडा वर येईना. काठावर उभा राहून निशिकांत आपली बुडालेली मेहनत पाहत होता. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरलं होतं.

शेजारी सर धोतराचा चिखल धूत होते. किती सहज बसला होता हा म्हातारा तिथं!

"सर… मी निघून गेलो असतो तर?"

"तर बसून राहिलो असतो."

"आणि तळ फुटला असता तर? माझा हिशेब चुकलाय हे दिसत असताना त्याच्यावर विसंबून बसलात कसे?"

सरांनी धोतर पिळलं.

"हिशेबावर कुठं? मी तुझ्या भरवशावर बसलो होतो."