पाणी कुठे मिळतं?

जालन्याची केतकी ढवळे वडिलांबरोबर माळावरचं नवं खासगी विद्यापीठ पाहायला गेली. प्रवेश घ्यायचा की नाही, ते आजच ठरणार होतं.

इमारत चकचकीत होती, पण इतकी शांत की आपल्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटे. कुलपतींनी एका वर्गाचं दार उघडलं. मुलंमुली माना खाली घालून बसली होती. कुणी पान उलटत नव्हतं, कुणी खोकतही नव्हतं.

"हा तिसऱ्या वर्षाचा वर्ग," कुलपती म्हणाले. "यांना काहीही विचार. उत्तर आलं नाही, तर प्रवेश घेऊ नकोस."

केतकीने पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "इथे प्यायचं पाणी कुठे मिळतं?"

मुलगी शेजारणीकडे बघू लागली, शेजारीण मागे. एकेक मान वर आली आणि कुलपतींकडे वळली.

कुलपती हसले. "अभ्यासात तहानभूक विसरलेत."

"तीन वर्षांत यांना एकदाही तहान लागली नाही, सर," केतकी म्हणाली. "मला मात्र लागते."

बापलेक जिना उतरू लागले, तेव्हा वर्गातून दबका आवाज आला, "साहेब, आता आम्ही घरी जायचं का?"