शहरी जमातीच्या चालीरीती

शुद्धलेखनात चुका सापडतील, शब्दही साधेच आहेत. सांभाळून घ्या, पण गोष्ट ऐकाच.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका कॉलेजात शिकणाऱ्या रुमली पावराचा पहिला कवितासंग्रह छापून आला. ग्रंथालयात तो कवितांच्या कपाटात दिसावा, एवढीच तिची हौस. पण प्राचार्य दिघे म्हणाले, "आदिवासींची गाणी ना? 'जमातींच्या चालीरीती' या विषयात नोंदवा."

रुमलीचा चेहरा पडला. ग्रंथपाल कुमुदताई मात्र नुसतं "बरं सर" म्हणाल्या.

दुपारी प्राचार्य पाहुण्यांना घेऊन ऐटीत आले. "माझा कवितासंग्रह दाखवा यांना." कवितांच्या कपाटात तो नव्हताच!

"इकडे आहे, सर," कुमुदताई चालीरीतींच्या कपाटापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "तुमचाच नियम लावला. वास्तुशांत, केक कापणं, मॉर्निंग वॉक... शहरी जमातीची एवढी माहिती दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाही हो!"

पाहुणे पोट धरधरून हसले.

"अहो, पण त्या कविता आहेत!" प्राचार्य ओरडले.

"रुमलीही हेच म्हणतेय, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी दोन्ही पुस्तकं आपल्या हातांनी कवितांच्या कपाटात लावली. मग रुमलीचं पुन्हा बाहेर काढलं आणि तिथेच उभ्याने वाचत राहिले.