उतारावरची गाडी

घाटाच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात नरसूआबा नावाचे गाडीवान राहत होते. बैलगाडी हाकण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. भरलेली गाडी ते घाटातून अशी उतरवत, की वरच्या घागरीतलं पाणी सांडत नसे. त्यांचा चांद्या नावाचा बैल आता म्हातारा झाला होता. त्याला कामाला जुंपत नसत, दाव्यालाही बांधत नसत. आबांनी नुसतं "थांब" म्हटलं, की तो असेल तिथं उभा राही.

आबांचा मुलगा फौजेत होता. एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं एक जुनी जीप विकत घेऊन दारात उभी केली आणि तो पुन्हा नोकरीवर गेला. जीप चालवायची सूनबाई वैजयंता. तिचे वडील तालुक्याला ड्रायव्हर होते, त्यांनी लेकीला उत्तम गाडी शिकवली होती. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं असो की म्हाताऱ्यांना बाजाराला, वैजयंता कधी नाही म्हणत नसे. ते बघून गावातल्या शेवंता आणि कुंदा या दोन मुलीही तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या.

आबांनाही वाटलं, आपणही शिकावं. त्यांनी शिकाऊ परवाना काढला आणि गावाबाहेरच्या माळावर सुनेच्या शेजारी बसून धडे सुरू केले. सुरुवातीला गाडी बेडकासारख्या उड्या मारी आणि बंद पडे. वैजयंता हसून म्हणे, "होईल मामा. सगळ्यांचं असंच होतं." हळूहळू गाडी सरळ चालू लागली.

पण गावाला करमणूक झाली. पारावरच्या कुणीतरी विचारलं, "काय आबा, आता सुनेच्या हाताखाली का?" बाकीचे हसले. ते वाक्य आबांना काट्यासारखं सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला सांगितलं, "आता पुरे. मला आली गाडी."

"मामा, उतारावरचं अजून राहिलंय," वैजयंता म्हणाली. "उतारावर गाडी उभी करायची तर हातब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली दगड लावायचा. मगच खाली पाय टाकायचा. बैलाला कान असतात, गाडीला नसतात."

"घाटातून गाड्या उतरवण्यात माझा जन्म गेला, पोरी. उतार मला नको शिकवू."

ती कामाला लागली. सासऱ्याला याहून जास्त काय सांगणार?

काही दिवसांनी आबा एकटेच जीप घेऊन गिरणीवर गेले आणि दळण घेऊन परत आले. घरासमोरचा रस्ता उताराचा. पारावर माणसं बसली होती, त्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे आबांना कळत होतं. त्यांनी झोकात गाडी थांबवली. खाली हौदावर पाणी पिऊन चांद्या मालकाकडे चढून येत होता. आबांनी खिडकीतूनच त्याला म्हटलं, "थांब तिथंच." चांद्या रस्त्यात थांबला.

आबांनी इंजीन बंद केलं, ब्रेकवरचा पाय काढला आणि ऐटीत खाली उतरले. पिठाचा डबा काढायला मागं वळले, तोच गाडी हलली.

त्या क्षणी आबांच्या तोंडून बैल थांबवायची जन्मभराची सवयच बाहेर पडली. "हो... हो... हो..." ते गाडीमागं धावत ओरडू लागले. गाडी थांबली नाही. चांद्यानं मात्र तो आवाज ओळखला. मालक थांबायला सांगतोय, एवढंच त्याला कळलं. बाजूला व्हायला अख्खा रस्ता मोकळा होता, तरी तो पाय रोवून उभा राहिला.

जीप त्याला धडकून हौदाला अडली. चांद्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. आबांच्या मांडीवर डोकं ठेवून चांद्यानं संध्याकाळच्या आत प्राण सोडला.

गाव भोवती जमलं होतं. कुणीतरी विचारलं, "आबा, हातब्रेक ओढला नव्हता का?"

आबांनी वर पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. खरं बोलायला एकच शब्द पुरे होता. पण त्यांच्या तोंडून निघालं, "सकाळी गाडी सूनबाईकडं होती. तिनंच काहीतरी बिघडवून ठेवलं असणार."

वैजयंता चांद्याच्या जखमांसाठी आणलेली हळदीची वाटी घेऊन गर्दीमागं उभी होती. तिनं ते ऐकलं. हौदापाशी जाऊन तिनं गाडीची किल्ली काढून आणली, घरातल्या खुंटीला अडकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही.

गाव मात्र बोलत राहिलं. बाईमाणसाच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं, असं जो तो म्हणू लागला. शेवंताच्या आणि कुंदाच्या वडिलांनी मुलींना माळावर पाठवणं बंद केलं. बायका पुन्हा दवाखान्याला जायला येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकला हात दाखवू लागल्या. वैजयंता सासऱ्याला वेळेवर जेवायला वाढी, विचारलं तेवढंच बोले. तिनं एकदा तरी भांडावं, असं आबांना वाटे. ती भांडली नाही. रिकाम्या गोठ्यात बसून आबा तासन्‌तास चांद्याच्या जागेकडे बघत राहत. बैल अपघातानं गेला होता. सुनेवरचा आळ मात्र त्यांनी जाणूनबुजून घेतला होता, आणि दोन्हींत जास्त काय जाळतं हे त्यांना आता कळत होतं.

शेवटी काही महिन्यांनी एके सकाळी ते पारावर गेले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. "गाडीत काही बिघाड नव्हता," ते म्हणाले. "हातब्रेक मीच ओढला नाही. सुनेनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही. त्या दिवशी मी खोटं बोललो."

मग एक म्हातारे उठले आणि त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला. "आबा, तुमचं मन मोठं. सुनेचा दोष स्वतःवर घेताय. असा सासरा मिळायला भाग्य लागतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आबांनी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. ते जेवढं सांगत गेले, तेवढी लोकांची त्यांच्यावरची माया वाढत गेली.

तिथून ते शेवंताच्या घरी गेले. तिचं लग्न होऊन ती सासरीही गेली होती. कुंदाच्या वडिलांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं ते झालं. आता राहू द्या."

घरी येऊन आबांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि सुनेपुढं धरली. "पोरी, माझं चुकलं. मी पारावर सांगून आलो, कुणाला खरं वाटत नाही. तू मला उतार शिकव. पारासमोरच शिकव."

वैजयंतानं किल्ली हातात घेतली. "शिकवते मामा," ती म्हणाली. "पण त्या दोघींना आता कोण शिकवणार?"

तिनं त्यांना उतार शिकवला, नीट आणि मनापासून. ती पूर्वीसारखी हसत मात्र नव्हती. आबा चांगले चालक झाले. अडल्यानडल्याला रात्री-अपरात्री ते गाडी काढत. पण कुंदाच्या घरावरून जाताना ती पोर अंगण झाडता झाडता थांबून गाडीकडं बघत राही, आणि आबा नजर वळवून पुढं जात.

तात्पर्य: शिकणाऱ्याच्या हातून चूक होणारच, ती कबूल करण्यात कमीपणा नाही. पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली, तर मागाहून खरं सांगूनही ते नुकसान भरून निघत नाही.