ऊन पाण्याची कळशी

“...मग मी निघू का, बाबा?”

मोरेश्वराने सकाळपासून हे कितव्यांदा तरी विचारलं.  गोसावीबाबा कुंडाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसले होते.

हे गुरुशिष्य गावोगाव फिरत डोंगराच्या पायथ्याशी आले आणि ऊन पाण्याचं कुंड बघून तिथेच राहिले. मीही प्रवासात पाय शेकायला थांबलो होतो. जागाच तशी. थंडीत दगडांच्या फटींतून वाफा निघतात, वाळूतून बुडबुडे वर येतात, गंधकाचा वास नाकात बसतो, आणि खाली ना चूल ना लाकडं. धन्य ती धरणीमाय! कण्हत आलेली माणसं इथून गप्पा मारत परत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मोरेश्वराचं लक्ष मात्र पाण्यात नव्हतं. पलीकडच्या गावाने त्याचं प्रवचन ऐकलं होतं आणि त्याच्यासाठी मठ बांधला होता. मंडळी आजच हार घेऊन न्यायला येणार होती. गुरूची सगळी वचनं त्याला तोंडपाठ होती. अडलं होतं ते फक्त बाबांच्या ‘जा’पाशी. त्याच्याशिवाय निघणं म्हणजे पळून जाणं, हे त्यालाही कळत होतं.

“वरच्या वाडीत ठकूआजी आहे,” बाबा शेवटी म्हणाले. “दर थंडीत इथे यायची. यंदा गुडघे धरलेत, उतरवत नाही. तिला कळशीभर पाणी नेऊन दे. पण ऊन हवं. मग जा.”

एवढंच ना! मोरेश्वराने कळशी भरून खांद्यावर घेतली आणि ताठ मानेने चढ चढू लागला. वाटेत गुराखी भेटले, त्यांना दोन शब्द सांगितले. मोळीवाल्या बायका भेटल्या, त्यांनाही सांगितले. गडी बोलायला लागला की थांबायचा नाही.

वाडीवर काय झालं ते मला आजीनेच मागाहून सांगितलं. तिने पाण्यात बोटं बुडवली, बरं वाटलं हो म्हणाली आणि बोटं पदराला पुसली. पाणी थंडगार होतं.

मोरेश्वर खाली धावला. या खेपेला कळशीला कांबळं गुंडाळलं, तोंडाला फडकं बांधलं, वाटेत कुणाशी चकार शब्द काढला नाही. धापा टाकत पोचला, तर पाणी कोमट. दुखऱ्या गुडघ्यांना कोमटाचा काय उपयोग? तो म्हणाला, चुलीवर तापवून देतो. आजी हसली. तसं तर माझ्या विहिरीचंही तापतं, उगाच का जिवाला त्रास करून घेतोस, म्हणाली आणि त्याच्याच हातावर गुळाचा खडा ठेवला.

तो कुंडावर परतला तो धुमसतच.

“कळशीला भोक नाही. पाणीही तेच. मग ऊब गेली कुठे?”

बाबांनी पाण्यात हात बुडवला, बाहेर काढला आणि त्याच्या गालाला लावला.

“इथेच आहे.”

“...मग तिच्यापर्यंत पोचणार कशी?”

बाबा उठले आणि काठी टेकत चढ चढू लागले. मोरेश्वर मागोमाग गेला.

आजीच्या ओटीवर बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसले. चल माय, म्हणाले. ती पाठ म्हणजे नुसत्या बरगड्या. मला न्यायला जाशील आणि तूच मोडशील, असं आजीने त्यांना सुनावलं.

मोरेश्वराला ते बघवेना.

“उठा, बाबा. मी...”

बाबा बाजूला सरकले.

उतरताना त्याच्या पाठीवरून आजी सारखी बजावत होती. हळू रे, दगड बघ, तिकडे काटे आहेत. मोरेश्वर कमरेत वाकून, जमिनीकडे बघत पाऊल टाकत होता. इतका वेळ दुसऱ्याचं ऐकून घेण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नसावी.

खाली मंडळी हार घेऊन उभी होती. हार घालायला पुढे झाली, पण त्याच्या गळ्यात आजीचे हात आणि मान खाली.

“जरा बाजूला व्हा,” तो म्हणाला. “आधी हिला पाण्याशी जाऊ द्या.”

आजीने कुंडात पाय सोडले. डोळे मिटले.

“आई गं...”

एवढंच म्हणाली. तिचा चेहरा असा काही निवला की मला तर गलबलून आलं. 

मोरेश्वर तिचे गुडघे चोळत बसला होता. मंडळींपैकी एकाने हळूच विचारलं, बुवा, मठात येताय ना? त्याने वर न बघताच उलट विचारलं, तुमच्या गावात इथवर येता येत नाही अशी किती माणसं आहेत?  कुणालाच माहीत नव्हतं.

परवानगीचं तर तो विसरूनच गेला होता. आजीचा दुसरा गुडघा अजून राहिला होता.

“मोरेश्वरा,” बाबा म्हणाले.

“जी?”

“जा आता. कळशी इथेच ठेव.”