तिठ्यावरचा दहीभात

श्रावणातला रविवार. सकाळची वेळ, उन्हं नुकतीच ओट्यावर आलेली. आटपाट नगरात साळ्याची बायको द्वारका घागर घेऊन विहिरीवर आली, तर फाटकाला कुलूप! सूर्यदेवा, तुम्ही ऐका. बायांनो, तुम्हीही ऐका.

तिच्या नवऱ्याला, केरबाला, क्षय झाला होता. माग थांबला. पंचांनी त्याला शिवेबाहेर झोपडीत घातलं. द्वारका सोबत गेली. मग गवळ्यानं वाट बदलली, मग न्हाव्यानं बदलली, मग सख्ख्या भावानं बदलली. आता विहीरही तिला बंद. ती नदीवरून पाणी आणू लागली. वैद्य म्हणाले, "ऊन, विसावा आणि पोटभर अन्न. एवढं मिळालं तर जगेल."

कासारीण चिमाई बायकांवर कडाडली, "मी बांगड्या भरते तेव्हा कुणाचा हात टाळते का गं? व्रत घ्या! दर रविवारी आपल्या घासातला घास केरबाला."

बायकांनी व्रत घेतलं, पण भीती सुटेना. मग पहिल्या रविवारी तिठ्यावर पळसाच्या पानात दहीभात ठेवला, पळाल्या. दुसऱ्या रविवारी ठेवला, पळाल्या. तिसऱ्या रविवारी ठेवला, पळाल्या. केरबा खंगतच गेला.

मग चिमाई झोपडीशी गेली. "काय गं द्वारके, आमचं अन्न गोड लागेना होय?"

"कुठलं अन्न, मावशी?"

"तिठ्यावरचा दहीभात!"

द्वारकेनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी उतारा समजले! कुणाची दृष्ट काढून टाकलीय म्हणून वळसा घालून जात होते. घरात एक दुखणं आहे, आणखी कुणाचं घेऊ?"

चिमाई तरातरा परतली. "शहाण्यांनो, तुम्ही अन्न टाकलंत, वाढलं नाहीत! उठा!"

मग बायका निघाल्या. कुणी दूध घेतलं, कुणी भाकरी घेतली, कुणी पाण्याची घागर घेतली. दारात उभ्या राहिल्या, नावानं हाक मारली, "केरबादादा, उठा, जेवून घ्या!" उन्हात बाज टाकली. मग केरबा जेवला, मग बसला, मग चालला. पुढच्या श्रावणात दोघं गावात घरी परतली, माग खडखडू लागला! पहिलं लुगडं चिमाईला नेसवलं.

बायांनो, दुरून पान ठेवू नये, हाक गिळू नये. केरबाला जशी हाक पोचली, तशी तुमच्याआमच्या दुखणाइतांना पोचो.

पण परवा द्वारका विहिरीवर गेली. सगळ्यांना उघडं असलेलं फाटक तिला पाहून पुन्हा बंद झालं. पंच म्हणतात, आम्ही नाही. पाटील म्हणतात, मी नाही. कोतवाल म्हणतो, मी नाही. कुलूप मात्र लागलेलं आहे. साठां प्रश्नांची ही कहाणी, एका उत्तरावाचून अपुरी.