दगडी पाठशाळेचं सागवानी दार

फार पूर्वी, एका खोऱ्यात पाच गावं होती आणि पाचही गावांत एकेक पाठशाळा होती. प्रत्येक पाठशाळेचं स्वतःचं पोथ्यांचं भांडार होतं. भांडार म्हणजे काय, तर कुणाकडं दोन फडताळं, कुणाकडं चार. तेवढ्यावर कुणाचंच भागत नव्हतं. माळावरच्या पाठशाळेत गुरांच्या दुखण्यांची पोथी होती, पण नक्षत्रांची नव्हती. कुंभारगावात नक्षत्रांची होती, पण गणिताची नव्हती. शेवटी पाची भांडारी एका पारावर बसले आणि त्यांनी ठरवलं, की आजपासून पाच भांडारं मिळून एक भांडार. पाचांची मिळून एकच यादी. ज्याला जी पोथी हवी ती त्यानं जिथं असेल तिथून उसनी न्यावी, वाचावी, हवी तर नकलून घ्यावी आणि परत आणून द्यावी.

पोथी उसनी गेली की फडताळात तिची जागा रिकामी ठेवायची नाही, अशी त्यांची पद्धत होती. त्या जागी लाकडाची एक पाटी उभी करायची. पाटीवर लिहायचं, पोथी कुणी नेली आणि परत कधी आली. या पाट्यांना सगळे उसन्या पाट्या म्हणायचे. माळावरच्या पाठशाळेची भांडारीण गोदाक्का तर परत आलेल्या पोथीची पाटीसुद्धा टाकून द्यायची नाही. "आपली पोथी किती घरं फिरून आली ते कळायला नको का?" असं म्हणून ती एका टोपलीत साठवायची.

काही वर्षं मजेत गेली. मग एका पावसाळ्यात माळावरच्या पाठशाळेचं छप्पर गळलं. तेव्हा दगडी पाठशाळेचे भांडारी राघोजी म्हणाले, "अक्का, आमच्याकडं दगडी भिंती आहेत, सागवानी दार आहे. मोलाच्या पोथ्या आमच्याकडं ठेवा. मागाल त्या दिवशी काढून देईन." सगळ्यांना ते पटलं, आणि बाकीच्यांनीही आपापल्या मोलाच्या पोथ्या तिथं नेऊन ठेवल्या. गोदाक्कानं गुरांची पोथी स्वतःच्या हातानं लाल रुमालात बांधली, डोक्यावर घेतली आणि दोन कोस चालून राघोजींच्या हवाली केली. दुसरी प्रत तिच्याकडं नव्हती. एकाकडं असली की पाचांकडं असली, असा करारच होता, मग दुसरी ठेवायची कशाला?

इथंच चूक झाली. आणि चूक विश्वास ठेवणाऱ्यांची नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक लगेच बिचाऱ्या गोदाक्कालाच शहाणपण शिकवायला निघतात.

राघोजींना पोथ्यांचं वेड होतं. वाचायचं नव्हे हो, बाळगायचं! पाहुणा आला की ते त्याला दारातूनच फडताळं दाखवायचे. लाल रुमालांच्या रांगाच रांगा. "हात लावू नका," म्हणायचे, "घामानं शाई पसरते." हळूहळू त्यांनी कुणाला काही उसनं देणंच सोडून दिलं. एकाला म्हणायचे हवा दमट आहे, दुसऱ्याला म्हणायचे पोथी जीर्ण आहे. यादीत मात्र त्यांचं भांडार सगळ्यांत मोठं दिसायचं, आणि त्या यादीचा त्यांना कोण अभिमान!

अशात एका वर्षी श्रावणात माळावरची गुरं आजारी पडली. गळा सुजायचा, तोंडातून लाळ गळायची, आणि तिसऱ्या दिवशी जनावर आडवं व्हायचं. गावचा गुराखी केरू धावत पाठशाळेत आला. सगळ्या गावाची साठ गुरं तो राखायचा, आणि त्यांतली चार एका आठवड्यात गेली होती.

"अक्का," तो म्हणाला, "माझा बाप सांगायचा, या रोगाचं सगळं तुझ्या पोथीत लिहिलंय. बघ की गं जरा!"

"पोथी दगडी पाठशाळेत आहे," गोदाक्का म्हणाली. "आजच आणते." आणि ती तशीच, हातातलं काम टाकून निघाली.

राघोजींनी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अक्का, श्रावणात पोथी बाहेर काढायची म्हणजे... पाऊस लागला तर? आणि तुमच्या पाठशाळेच्या गुरुजींचं पत्र कुठाय?"

"पत्र? राघोजीदादा, पोथी माझी आहे. मी आणून दिलीय तुम्हाला."

"ते खरं. पण पद्धत म्हणजे पद्धत."

चार कोसांची पायपीट झाली, आणखी चार कोसांची होईल, गुरं वाचणार असतील तर होऊ दे, असं मनाशी म्हणत गोदाक्का परतली. दुसऱ्या दिवशी गुरुजींचं पत्र घेऊन ती पुन्हा दगडी पाठशाळेच्या दारात उभी राहिली. दरम्यान आणखी पाच जनावरं गेली होती.

राघोजींनी पत्र वाचलं, उलटं करून मागून पाहिलं, आणि घडी घालून ठेवलं. "एवढी किमती पोथी मी गुराख्याच्या हाती कशी देऊ?"

"नका देऊ. मला इथं बसून वाचू द्या. मी पाठ करून जाते."

राघोजींनी तिच्या हातांकडं पाहिलं. नाक थोडं वर केलं. "अक्का, तुमच्या हाताला शेणाचा वास येतोय."

गोदाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी केरूच्या गोठ्यात ती एका गाभण गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाय तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. त्या गाईचंच शेण होतं ते.

"येणारच वास!" ती ओरडली. "ज्या गुरांसाठी ती पोथी लिहिली त्यांचाच वास आहे हा! लिहिणाऱ्याच्या हातालासुद्धा येत असेल! तुझ्या हाताला कसला येतो रे, राघोजी? काहीच नाही! कारण तू आजवर पोथी उघडलीच नसशील!" वीस वर्षं त्यांना अहोजाहो करणारी अक्का अरेतुरेवर आली, हे राघोजींनाही कळलं. त्यांनी आत जाऊन सागवानी दार लावून घेतलं. कुलूप घातल्याचा आवाज तिला बाहेर ऐकू आला.

दुसरं कुणी असतं तर तिथंच रडत बसलं असतं. गोदाक्का रडली नाही. करारात एक गोष्ट होती, आणि ती तिला तोंडपाठ होती. चार भांडाऱ्यांनी मिळून एखादी पोथी मागितली, तर पाचव्याला नाही म्हणता यायचं नाही. ती तिथूनच कुंभारगावाला गेली. तिथले भांडारी तात्या म्हातारे होते, त्यांना गुडघ्यांनी धड चालवत नव्हतं. पण सगळं ऐकल्यावर त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली. म्हणाले, "चल. मलाही नक्षत्रांची पोथी तीन वर्षं मिळालेली नाही. माझीच पोथी! मी गप्प बसलो, हे चुकलंच माझं." बाकीचे दोघेही असेच पोळलेले निघाले. जो तो आपल्या घरी चरफडत बसला होता. आपल्या एकट्यालाच नाही म्हटलं असं प्रत्येकाला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौघं दगडी पाठशाळेच्या दारात उभी राहिली. मागं केरू होता, आणि केरूच्या मागं गाव होतं.

"राघोजी," तात्या म्हणाले, "चौघं मागतोय. उघड."

राघोजींचा नाइलाज झाला. त्यांनी दार उघडलं. आत सगळं कसं चकाचक! एकाला एक लागून लाल रुमाल, प्रत्येकाला तशीच गाठ. गोदाक्का सरळ आपल्या पोथीपाशी गेली. तिनं रुमाल सोडला, तर आत आणखी एक रुमाल. तो सोडला, तर त्याच्या आत आणखी एक.

"दर दसऱ्याला नवा रुमाल बांधतो मी," राघोजी अभिमानानं म्हणाले. "जुना सोडतसुद्धा नाही. पोथीला वारा लागायला नको."

गोदाक्कानं सर्वांत आतला रुमाल सोडला. तो तिनं स्वतः बांधलेला होता, तिचीच गाठ होती. गाठ सुटली आणि तिच्या ओंजळीत माती पडली. माती, भुसा, आणि त्यातून पळणारी पांढरी वाळवी. एकही पान शिल्लक नव्हतं. तात्यांनी शेजारचा रुमाल सोडला. नक्षत्रंही खलास. तिसरा सोडला, चौथा सोडला. कुठं अर्धं पान होतं, कुठं पानांच्या खालीवर लावायच्या नुसत्या फळ्या. पाच गावांची विद्या त्या माणसानं वाळवीला चारली होती, आणि वरून दर दसऱ्याला तिला नवं लुगडं नेसवत होता!

"पण... पण रुमाल तर नवे आहेत," राघोजी पुटपुटले.

केरू मटकन खाली बसला. "अक्का, माझी गुरं गं," एवढंच म्हणाला.

गोदाक्काला वाटलं, या राघोजीची मानगूट धरावी आणि ही माती त्याच्या तोंडात कोंबावी. खरंच वाटलं. पण तात्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "अक्का, पोथी तुझ्याकडं असताना कुणाकुणाकडं गेली होती?"

त्या प्रश्नासरशी तिला आपली टोपली आठवली. ती आणि केरू धावतच माळावर आले. टोपली जमिनीवर पालथी करून तिनं पाट्या चाळल्या. गुरांच्या पोथीच्या अकरा पाट्या निघाल्या. सर्वांत शेवटची सोळा वर्षांपूर्वीची होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'नेली सटवाजी कुंभारानं, गाढवं आजारी म्हणून. परत आली. गळ्याचा रोग नकलून घेतला.'

सटवाजी आता राहिला नव्हता, पण त्याची म्हातारी होती. गोदाक्कानं केरूसह तिच्या घरी जाऊन नकलेबद्दल विचारलं तशी ती म्हणाली, "कागद कुठला बाई आमच्याकडं? त्यांनी ओल्या कौलांवर काडीनं लिहून काढलं आणि भट्टीत भाजलं. वर गोठ्यावर आहेत की. वाळवी लागायची भीती नाही, म्हणायचे." केरूनं शिडी लावली. एकेक कौल काढून तो खाली द्यायचा आणि गोदाक्का पदरानं शेवाळ पुसून मोठ्यानं वाचायची.

नऊ कौलं होती. त्यांतली दोन माकडांनी फोडली होती, आणि औषध नेमकं त्यांच्यावरच होतं. पण उरलेल्या सातांवर लिहिलं होतं, की आजारी जनावर त्याच दिवशी वेगळं बांधा. ते ज्या पाणवठ्यावर प्यायलं तिथं चांगल्या जनावराला नेऊ नका. मेलेलं जनावर ओढ्याकाठी टाकू नका, उंचावर नेऊन खोल पुरा. गावातल्या लोकांनी नेमकं याच्या उलट चालवलं होतं. सगळी साठ गुरं एकाच डोहावर पाणी पीत होती.

त्या संध्याकाळपासून केरूनं गुरं वरच्या झऱ्यावर न्यायला सुरुवात केली. जी आजारी होती ती गेली, त्यांना काही करता आलं नाही. केरूची स्वतःची बैलजोडीही गेली. मेली एकूण तेवीस, वाचली सदतीस. पहिल्याच दिवशी पोथी मिळाली असती तर किती वाचली असती, हे गोदाक्कानं मनातल्या मनात पुष्कळदा मोजलं, आणि दर वेळी तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

महिन्याभरानं पाची भांडारी पुन्हा पारावर बसले. राघोजींनी हात जोडले. "अक्का, मला क्षमा करा. मी पोथ्या जपतच होतो."

"क्षमा केरूकडं माग," गोदाक्का म्हणाली. "आणि जपत होतो म्हणू नकोस. त्या शब्दाची मला चीड येते आता."

कुणी म्हणालं, किल्ली काढून घ्या. तात्या म्हणाले, किल्ली घेतली तर उद्या दुसऱ्या राघोजीच्या हाती जाईल. मग सुतार बोलावला. त्यानं ते सागवानी दार बिजागऱ्यांसकट उतरवलं आणि अंगणात आडवं टाकून कापलं. त्याच्या तीनशे उसन्या पाट्या झाल्या. प्रत्येक गावाला साठ वाटून दिल्या. ज्या कुणाच्या घरी, गोठ्यात, पेटीत पूर्वी नेलेल्या पोथ्यांच्या नकला होत्या त्या गोळा झाल्या, आणि यापुढं प्रत्येक पोथीची निदान एक नक्कल दुसऱ्या गावात राहील असं ठरलं.

पहिली पाटी गोदाक्कानं राघोजींच्या हातात दिली. "गुरांच्या पोथीची जागा रिकामी आहे. रिकामी ठेवायची नाही, ही आपली पद्धत. लिही."

"काय लिहू?"

"नेहमी लिहितो तेच. कुणी नेली आणि परत कधी आली."

राघोजींनी लिहिलं. गोदाक्का अक्षर पुरं होईपर्यंत तिथून हलली नाही. ती पाटी अजून त्या बिनदाराच्या भांडारात, त्याच फडताळात उभी आहे. तिच्यावर लिहिलंय: 'नेली वाळवीनं. परत आली नाही.'

तात्पर्य सांगायला हवं का? बरं, सांगते: विद्या उसनी दिली तर कुणाच्या तरी गोठ्यावरसुद्धा जिवंत राहते, कुलपात ठेवली तर ती वाळवीची होते, आणि तिचं मोल दाराबाहेर उभ्या असलेल्यांना भरावं लागतं.