म्हातारीच्या कवेतलं करडू

“उद्या मुक्काम हलला की त्या बोरीम्हातारीला नदीपर्यंत नेणार, आणि मग तिथं...”

शेजारच्या गुहेतली सांबरी नावाची बाई एवढंच बोलली आणि टिटवीला बघून तोंडात हाड कोंबून बसली.

माणसाला तेव्हा चाक ठाऊक नव्हतं, भांडं ठाऊक नव्हतं. पण कुजबुज पुरती जमत होती! पुढचं ऐकायची टिटवीला गरजच नव्हती. टोळीचा रिवाजच होता: शिकारीच्या कळपामागं जायचं आणि ज्याला चालवत नाही त्याला मागं सोडायचं. बोरी तिची सासू. पाय सुजलेले, जीभ मात्र ठणठणीत.

टिटवी तरातरा खडप्याकडे गेली. खडप्या टोळीचा म्होरक्या. अंगावर अस्वलाचं कातडं आणि हट्ट अस्वलालाही लाजवेल असा!

“सासूला मी पाठीवर घेते!”

“आणि शिकारीमागं कोण पळणार? तुझी सासू?”

“मग नका ना पळू!”

“वा गं शहाणे! शिकार येणार का चालत आपल्यामागं?” सगळे खिदळले, तसा खडप्या आणखी फुगला. “उद्या तेवढं करून दाखव. म्हातारी येईल. नाहीतर राहील!”

टिटवी गुहेत परतली. बोरी एका करडाला पाला चावून भरवत होती. रानबकरीचं पिल्लू, भाजायला फारच लहान, म्हणून पोरांनी तिच्याकडे टाकलेलं. दुसऱ्या कुणी हात लावला की ते गुहा डोक्यावर घ्यायचं.

“ह्याची आई कड्यावर बोंबलतेय,” बोरी म्हणाली. “तुझ्या नवऱ्यानं धोंडे मारले, तरी हलत नाही मेली!”

टिटवीचे डोळे चमकले. “आत्याबाई, ह्याला कुणाला भाजू देऊ नका!”

“हात तर लावू दे कुणाला. चावेन!”

सकाळी टोळी निघाली. टिटवीच्या पाठीवर सासू, सासूच्या कवेत करडू. करडानं “बें” केलं मात्र, बकरी कड्यावरून उतरली! तिच्यामागं आणखी चार. अंतर राखून, पण मागं मागं.

खडप्यानं भाला उचलला.

“मारा!” टिटवी म्हणाली. “आज खाल, उद्या पुन्हा धापा टाकत पळाल. त्यापेक्षा चालतंय ते जेवण चालू द्या की!”

भाला खाली आला. पण हरेल तो खडप्या कसला! “बरं. करडू मी घेतो. म्हातारीला ठेव इथं.”

त्यानं करडू उचललं. करडानं दोन लाथा झाडल्या, अस्वलाच्या कातड्यावर धार सोडली आणि उडी मारून बोरीच्या कुशीत शिरलं.

“आता खुशाल ठेवा हिला मागं!” टिटवी म्हणाली. “हिच्यापाशी करडू राहील, करडापाशी बकऱ्या राहतील, आणि तुम्ही व्हा पुढं, रिकाम्या पोटी!”

खडप्या असा हसला की बकऱ्या दचकल्या. त्यानं अंगावरचं कातडं काढून टिटवीला बक्षीस दिलं. ओलं होतं, पण दिलं! आणि म्हातारीला स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

सांबरीचं अर्धं खरं ठरलं. बोरीला नदीपर्यंत नेलं खरं. तिथं मात्र तीच वरून ओरडली, “थांबलास का रे खडप्या? पलीकडचा पाला कोवळा दिसतोय. चल!”